नाव खराब करणाऱ्यांचं काय करायचं?

वाचक विचारतात

बदनामी, चहाड्या आणि कुटाळक्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कलमं नव्या कायद्यांची आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि अब्रुनुकसानीची जुनी कलमं ४९९ व ५०० आता कलम ३५६ मध्ये आली. त्या तारखेआधीच्या घटनेला जुनीच कलमं लागतात.

प्रश्न : मी गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे. गटातल्याच एका बाईने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "गटाचे अठरा हजार कुठे गेले ते ताईंना विचारा, घरी नवीन फ्रीज आलाय म्हणे." आता अर्धं गाव मला चोर समजतं. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली आणि परत पाठवलं. पुढे काय? (सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, त्या बाईने तुम्हाला थेट चोर म्हटलेलं नाही, म्हणून ती सुटेल असं समजू नका. उपरोधाने किंवा "हे नाहीतर ते" अशा पर्यायाच्या रूपात केलेला आरोपही अब्रुनुकसानीत मोडू शकतो, हे कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. अठरा हजार आणि फ्रीज एका वाक्यात आणले की वाचणाऱ्याच्या मनात काय येतं, हे कोर्टालाही कळतं.

पण आधी हिशेब, मग कोर्ट. बचत गटांतल्या अशा बोलण्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं : बँकेच्या पासबुकात दिसणारी शिल्लक म्हणजेच गटाचे सगळे पैसे, असं सभासद धरून चालतात. बारा जणी महिना २०० रुपये भरत असतील तर दोन वर्षांची बचत ५७,६०० होते. पासबुकात ११,१०० दिसतात. बाकीचे ४५,००० सभासदांकडे कर्जाऊ असतात आणि १,५०० हातात रोख असतात (व्याज वेगळं). हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडले की बचतीची रक्कम जुळते. मांडले नाहीत की "बाकीचे कुठे गेले?" हा प्रश्न उरतोच. एकदम १८,००० काढून दोघींना नऊ-नऊ हजार दिले, ठरावावर सह्या झाल्या, पण कर्जवहीत नोंद पंधरा दिवस उशिरा झाली, एवढ्यावरही गावभर बोभाटा होऊ शकतो.

म्हणून बँकेचं पासबुक भरून आणा. रोकडवही, कर्जवही, सभासदांची पासबुकं आणि ठरावाची वही जुळवा. बँकेतून निघालेल्या प्रत्येक रकमेपुढे ठरावाची तारीख आणि रक्कम घेणारीची सही आहे का, ते पाहा. कुठे खरोखरच तफावत निघाली तर ती आधी लेखी कबूल करून भरून काढा. ती लपवून बदनामीची फिर्याद करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. हिशेब जुळला की गटाची बैठक बोलवा, ग्रामसंघाच्या पदाधिकारी किंवा सीआरपी (गटांना मदत करणारी गावातली कार्यकर्ती) यांना हजर राहायला सांगा, हिशेब वाचून दाखवा आणि "हिशेब बरोबर आढळला" असा ठराव सह्यांसह लिहून घ्या. हा कागद गावासाठी जितका उपयोगी, तितकाच कोर्टासाठीही.

ग्रुपवर एकदाच लिहा, तेही तीन ओळींत : "गटाचा संपूर्ण हिशेब रविवारी ४ वाजता अमुक ठिकाणी वाचला जाईल. सर्वांनी वह्या तपासून घ्याव्यात. तोपर्यंत या विषयावर मी ग्रुपवर बोलणार नाही." चोरी, फ्रीज, अठरा हजार यांतला एकही शब्द त्यात नको. आरोप खोडायला म्हणून तो पुन्हा लिहिला की ज्यांनी वाचला नव्हता त्यांच्यापर्यंतही तो तुमच्याच हाताने पोचतो.

पुरावा मात्र त्याच दिवशी जपायला हवा होता. उशीर झाला असेल तर आज जपा. ग्रुप सोडू नका. स्क्रीनशॉट असा घ्या की तारीख, वेळ आणि आधीचे-नंतरचे दोन-तीन मेसेज दिसतील. मग त्या बाईची प्रोफाइल उघडून नंबर दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घ्या, कारण नुसतं तुम्ही सेव्ह केलेलं नाव कुणाचंही असू शकतं. त्यानंतर ग्रुपच्या मेनूतून चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. ग्रुपवर अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी चालू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही. अशा वेळी दुसऱ्या फोनने स्क्रीनचा सलग व्हिडिओ काढा. मेसेज पाठवणाऱ्याला तो सगळ्यांच्या फोनमधून साधारण दोन दिवसांपर्यंत उडवता येतो आणि अ‍ॅडमिनलाही उडवता येतो, तेव्हा "उद्या बघू" इथे चालत नाही. ज्या फोनवर मेसेज आला तो विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात छापील स्क्रीनशॉट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा असतो आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झाला नाही हे दाखवणारा, संगणकाने काढलेला क्रमांक) लिहावी लागते. हे प्रमाणपत्र नसल्याने चांगला पुरावा बाजूला पडतो. वकिलांना पहिल्याच भेटीत त्याबद्दल विचारा.

आता एनसीबद्दल. पोलिसांनी तुम्हाला टाळलेलं नाही. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र गुन्हा आहे. नोंद करून तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवणं एवढंच पोलिसांच्या हाती असतं. एनसीची प्रत तारखेचा पुरावा म्हणून फाइलला लावा, त्यावर केस आपोआप उभी राहत नाही. खटला चालतो तो तुम्ही स्वतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल केलेल्या खासगी फिर्यादीवर. तिथे तुमचा आणि साक्षीदारांचा शपथेवर जबाब होतो, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार दखल घेण्याआधी समोरच्यालाही म्हणणं मांडायची संधी मिळते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. गुन्हा जामीनपात्र आहे आणि तुमच्या संमतीने मिटवता येतो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते मुदतीत. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षं मिळतात. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला फक्त एक वर्ष, तेही मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून किंवा शब्द उच्चारल्यापासून. "फौजदारीचा निकाल लागू दे, मग भरपाई मागू" असं ठरवलं की दावा मुदतबाह्य झालाच म्हणून समजा. पैसे हवे असतील तर दोन्ही वाटा वर्षाच्या आत धरा.

त्याआधी वकिलामार्फत नोटीस पाठवा. फौजदारी फिर्यादीसाठी ती सक्तीची नाही, पण निम्मी भांडणं इथेच मिटू शकतात. नोटिशीत आरोपाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ, ग्रुपचं नाव, त्यामुळे काय नुकसान झालं, आणि काय हवं ते लिहा : पंधरा दिवसांत मजकूर काढणं आणि त्याच ग्रुपवर बिनशर्त माफी. "कुणाचं मन दुखावलं असेल तर" ही माफी घेऊ नका. "मी अमुक तारखेला लिहिलेलं खोटं होतं, मी ते मागे घेते" असं वाक्य हवं. वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. फोन क्रमांक १५१००.

प्रश्न : माझ्या बहिणीचं जमलेलं लग्न एका निनावी पत्राने मोडलं. पत्र मुलाकडच्यांना पोस्टाने आलं. तिच्या चारित्र्याबद्दल अत्यंत घाणेरडं लिहिलं आहे. आम्हाला एका नातेवाइकांचा संशय आहे. (नाशिक)

उत्तर : मुलाकडच्यांकडून मूळ पत्र आणि मूळ पाकीट मागून घ्या. झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो चालत नाही. हस्ताक्षर तज्ज्ञ लेखणीचा दाब, अक्षर कुठे उचललं, कुठे अडखळलं हे पाहतो आणि ते मूळ कागदावरच दिसतं. कागद कडेला धरून उचला, साध्या कागदी पाकिटात ठेवा. त्याला स्टेपल मारू नका, त्यावर काही लिहू नका, आणि जपून ठेवायचं म्हणून लॅमिनेशन तर अजिबात करू नका, नाहीतर बोटांचे ठसे आणि लेखणीचे खुणा-दाब कायमचे जातात. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का भिंगाखाली वाचा : टपाल कचेरी आणि तारीख.

मग एक काम शांतपणे करा. पत्रातली प्रत्येक माहिती वेगळी काढा, खरी असो की खोटी. उदाहरणार्थ, जुन्या ऑफिसचं नाव, आधी मोडलेलं एक स्थळ, साखरपुड्याची ठरलेली तारीख, मुलाच्या घरचा पूर्ण पत्ता. प्रत्येकापुढे ती गोष्ट कुणाकुणाला ठाऊक होती ते लिहा. निनावी पत्रं सहसा निव्वळ खोटी नसतात. चार खऱ्या गोष्टींत एक विष कालवलेलं असतं, आणि त्या चार खऱ्या गोष्टीच लिहिणाऱ्याचा माग देतात. मुलाचा पत्ता आणि साखरपुड्याची तारीख दोन्ही माहीत असणारी माणसं सहसा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतात.

हा तक्ता वकिलाला दाखवा, नातेवाइकांना नको. पुराव्याशिवाय त्या गृहस्थांचं नाव चारचौघांत घेतलंत तर अब्रुनुकसानीची फिर्याद तुमच्यावरच होईल, आणि ते निर्दोष निघाले तर ती योग्यही ठरेल.

पत्र बंद पाकिटात होतं, चौकात लावलं नव्हतं, तरी ते "प्रसिद्ध" झालं असंच कायदा मानतो, कारण ते तुमच्या बहिणीखेरीज तिसऱ्या माणसाने वाचलं. (तेच पत्र फक्त बहिणीच्या नावाने येऊन तिनेच वाचलं असतं तर अब्रुनुकसानी झाली नसती. त्यात धमकी असती तर तो वेगळा गुन्हा, आणि निनावी धमकीला जादा शिक्षा आहे.) मजकुरात स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द असतील तर पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ चा आग्रह धरा. ते दखलपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तिथे पोलिसांना तपास करावा लागतो, आणि लिहिणारा अज्ञात असताना तपासच तुम्हाला हवा आहे.

पुढच्या स्थळाबाबत एक सल्ला. पत्राचा विषय पहिल्या-दुसऱ्या भेटीतच तुम्ही स्वतः काढा : असं पत्र आलं होतं, आम्ही तक्रार केली आहे, ही तक्रारीची प्रत. लिहिणारा पुन्हा लिहिणार आहे असं धरून चाला. दुसरं पत्र आलं की समोरच्यांना त्यात नवीन काही सापडता कामा नये. बहिणीला मात्र हे सगळं परत परत सांगायला लावू नका. बोलणी मोठ्यांपैकी एकाने करावीत.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी मुदत संपलेलं इंजेक्शन दिल्याने मूल दगावलं, असा मेसेज मी तीन ग्रुपवर पुढे पाठवला. नंतर कळलं की असं काही घडलंच नव्हतं. मी फक्त फॉरवर्ड केला होता. माझ्यावर केस होऊ शकते का? ग्रुपच्या अ‍ॅडमिनवर? (पुणे)

उत्तर : तुमच्यावर होऊ शकते. "आलं तसं पाठवलं" हा बचाव नाही. ऐकीव गोष्ट पुढे सांगणारा ती नव्याने प्रसिद्धच करत असतो. सद्‌भावनेने केलं म्हणायचं तर कायद्यात सद्‌भावनेचा अर्थ ठरलेला आहे : योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेलं काहीही सद्‌भावनेचं ठरत नाही. दवाखान्यात एक फोन केला होता का, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. अ‍ॅडमिनबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन आपोआप जबाबदार नसतो. दोघांचा समान हेतू किंवा आधीचं संगनमत दिसायला हवं.

आजच त्या तिन्ही ग्रुपवर दुरुस्ती टाका, आणि तिचा क्रम नीट ठेवा. सुरुवात खऱ्या गोष्टीने, मग मेसेजचा एकदाच ओझरता उल्लेख, शेवट पुन्हा खऱ्या गोष्टीने. "अमुक दवाखान्यात कुठलंही मूल दगावलेलं नाही. मी परवा पाठवलेला मेसेज चुकीचा होता, मी तो खात्री न करता पाठवला. दवाखाना नेहमीप्रमाणे सुरू आहे." कारण असं : एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते जास्त खरं वाटायला लागतं, हे १९७७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवलं आणि त्यानंतर अनेकदा तपासलं गेलं. खुलाशात अफवाच मोठ्या अक्षरांत लिहिली तर लक्षात तीच राहते. ज्यांना स्वतंत्रपणे पाठवला त्यांनाही कळवा, आणि डॉक्टरांना लेखी माफी द्या. वेळेत मागितलेल्या माफीने बरीच प्रकरणं फिर्यादीपर्यंत जातच नाहीत.

हे क्षुल्लक वाटत असेल तर राईनपाडा आठवा. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या या गावात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली.

प्रश्न : मी सातपुड्यातल्या पाड्यावर शिक्षक आहे. दोन मुलं लागोपाठ आजारी पडल्यावर एका विधवा बाईला लोक डाकीण म्हणू लागले आहेत. तिच्या हातचं पाणी कुणी घेत नाही. हीसुद्धा बदनामीच, पण ती बिचारी कोर्टात कुठे जाणार? (नंदुरबार जिल्हा)

उत्तर : गुरुजी, तिने कोर्टात जायची गरज नाही, आणि वाट बघण्याइतका वेळही नाही. अब्रुनुकसानीचं कलम इथे बाजूला ठेवा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हा प्रकार वेगळा नोंदवला आहे : एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, तिच्यामुळे रोगराई किंवा संकट येतं असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं. शिक्षा किमान सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे "एनसी करून घ्या" हे उत्तर पोलिसांना इथे देताच येत नाही.

पोलिस ठाण्यात या कायद्याखालच्या दक्षता अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. "गावात अंधश्रद्धा आहे" असं ढोबळ लिहू नका. कोण, कुठल्या दिवशी, कुणासमोर, कुठले शब्द बोललं, पाणवठ्यावर कुणी अडवलं, भगताने कुणाचं नाव काढलं, हे लिहा. ठाण्यात दाद मिळाली नाही तर तीच माहिती पोलिस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते, त्यापुढे न्यायदंडाधिकारी. मारहाणीची चिन्हं दिसली की थेट ११२. लोकांनी तिच्याशी व्यवहार तोडायचा, असं जातपंचायतीने किंवा गावकीने ठरवलं असेल तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही लागतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा प्रकरणांत पोलिसांबरोबर जातात. त्यांना आधीच बोलावा, म्हणजे तक्रारदार म्हणून तुम्ही एकटे उघडे पडणार नाही. पाड्यावर तुम्हाला रोज वावरायचं आहे, हा विचार भेकडपणाचा नाही.

दुसरी बाजू मुलांच्या आजाराची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अफवांचा अभ्यास करणारे गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी मांडलं की विषय जिव्हाळ्याचा असेल आणि माहिती धूसर असेल तेव्हा अफवा माजते. मुलाचा जीव हा विषय तुम्ही कमी महत्त्वाचा करू शकत नाही, धूसरपणा मात्र कमी करू शकता. आशाताईंना घेऊन त्या मुलांची तपासणी लावा. तुमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो : अंगदुखीचे झटके, कावीळ, वारंवार ताप, रक्त कमी होणं. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी आरोग्य केंद्रात होते आणि इलेक्ट्रोफोरेसिस या रक्तचाचणीने निदान पक्कं होतं. आईबापांना डॉक्टरांनीच, त्यांच्या बोलीत, आजाराचं नाव सांगावं. आजाराला नाव मिळालं की बाईच्या नावाची गरज कमी होते. पण क्रम चुकवू नका : आधी तिची सुरक्षा, निदान नंतर. भगताच्या अंगणात वाद घालायला तर जाऊच नका.

प्रश्न : वरिष्ठांच्या वागणुकीबद्दल मी कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार केली. ते म्हणतात, सिद्ध झालं नाही तर अब्रुनुकसानीचा दावा लावतो. मागे घेऊ का? (ठाणे)

उत्तर : घेऊ नका. अधिकार असलेल्या समितीकडे किंवा अधिकाऱ्याकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार हा कलम ३५६ चा स्पष्ट अपवाद आहे. तुमची अंतर्गत समिती ज्याखाली नेमली जाते त्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कलम १४ आहे, त्यात खोट्या, दुष्ट हेतूच्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे. पण त्यातच लिहिलं आहे की आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून ती कारवाई होत नाही.

हे संरक्षण तक्रार योग्य जागी असेपर्यंतच. तोच मजकूर ऑफिसच्या ग्रुपवर किंवा लिंक्डइनवर टाकलात तर अपवाद ढिला पडतो, शिवाय त्याच कायद्याच्या कलम १६ ने चौकशीचा तपशील उघड करायला मनाई आहे. मैत्रिणीकडे मन मोकळं करायचं तर तोंडी करा, लांबलचक मेसेज लिहू नका. त्यांची धमकी लेखी असेल तर ती समितीला द्या, तोंडी असेल तर तारीख-वेळेसह त्याच दिवशी समितीला ईमेल करा.

प्रश्न : भाऊ वारल्यानंतर त्याचे जुने भागीदार तो पैसे बुडवून मेला असं बाजारात सांगत फिरतात. मेलेल्या माणसाची बदनामी होते का? (सोलापूर)

उत्तर : फौजदारीत होते. तो हयात असता तर त्याच्या अब्रूला धक्का बसला असता आणि बोलण्यामागे घरच्यांना दुखावण्याचा हेतू आहे, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. फिर्याद वहिनी, मुलं किंवा तुम्ही करू शकता. दिवाणी भरपाईचा हक्क मात्र माणसाबरोबर संपतो. भावाने हयातीत दावा लावला असता तरी तो पुढे चालला नसता.

तुमची अडचण साक्षीदारांची असणार. बाजारात ऐकणारे पुष्कळ, कोर्टात येणारे थोडे. ज्या दुकानात हे बोललं गेलं तिथल्या दोघांना आजच विचारा आणि नेमके शब्द त्यांच्याकडून लिहून घ्या. "खूप वाईट बोलले" ही साक्ष उलटतपासात दोन मिनिटं टिकत नाही. त्याचबरोबर भागीदारीचा करार, शेवटचा ताळेबंद आणि बँकेची खाती चार्टर्ड अकाउंटंटकडून तपासून घ्या. भागीदारांचं देणं खरोखर निघत असेल तर ते भावाच्या मालमत्तेतून फेडावं लागेल, आणि तेव्हा ही फिर्याद न केलेलीच बरी.